खुर्चीमागची खडखड

१

अकरा नंबरच्या विमानाचा मिस्त्री सकाळी उठल्या उठल्या आधी वैतागायचा आणि मग तोंड धुवायचा. वैतागायला कारणं शोधावी लागत नसत. युद्धाला दुसरं वर्ष लागलं होतं. तळावर विमानं बारा आणि माणसं आठांपुरती. भांडारातला कारकून साधा वॉशर मागितला तरी असा चेहरा करायचा, की जणू त्याच्या मुलीला मागणी घातली आहे. घरून बायकोची पत्रं यायची, त्यांत स्वयंपाकघरातला नळ गळतो हे वाक्य दर वेळी असायचंच. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे तक्रारवही.

प्रत्येक विमानाची एक तक्रारवही असे. पानाच्या मधोमध उभी रेघ. खाली उतरल्यावर वैमानिकाने डावीकडे लिहायचं, काय बिघडलं. मिस्त्रीने उजवीकडे लिहायचं, त्याचं काय केलं, आणि खाली सही ठोकायची. ती सही नसेल तर विमान उडत नसे. बाकीचे वैमानिक डावीकडे 'ठीक' असं खरडून जेवायला पळत. अकराचा वैमानिक मात्र खिशातून स्वतःचं पेन काढी, टोपण मागच्या बाजूला नीट बसवी, आणि पंखावर वही टेकवून लिहायला लागे. 'डावे पेडल उजव्यापेक्षा किंचित जड. कृपया पाहावे.' 'काच सरकताना किरकिरते. कृपया पाहावे.' 'घड्याळ एक मिनिट मागे.' तो डावखुरा होता, त्यामुळे अक्षरं सगळी मागे रेललेली, खुर्चीत पाठ टेकून बसल्यासारखी. मिस्त्रीने त्याचं नाव कुरकुऱ्या ठेवलं होतं. घड्याळाच्या तक्रारीसमोर त्याने 'एक मिनिट पुढे केले' असं लिहून सही केली, तेव्हा कुरकुऱ्या मनापासून हसला होता. मिस्त्रीला त्याचाही राग आला होता.

माणूस तसा वाईट नव्हता. इतर साहेब लोक विमानापाशी आले की हात मागे बांधून उभे राहत. हा खुर्चीत बसल्या बसल्या हत्यारं हातात द्यायचा. हत्यार देण्याची तळावर एक रीत होती. तोंड आपल्याकडे ठेवायचं, दांडा घेणाऱ्याकडे करायचा, आणि घेणारा 'घेतला' असं तोंडाने म्हणेपर्यंत हात सोडायचा नाही. विमानाच्या पोटात एक स्क्रू पडला तरी तो शोधायला दिवस जातो, म्हणून ही रीत. कुरकुऱ्याला तिची भारी गंमत वाटे. मिस्त्री घाईत असला, की तो पाना घट्ट धरून ठेवायचा.

"साहेब, सोडा."

"आधी म्हणा."

"अहो, माझा हात लागलाय त्याला. दिसतंय ना?"

"रीत म्हणजे रीत, मिस्त्री."

"घेतला, बाबा, घेतला!" असं मिस्त्री खेकसला, की कुठे तो हात सोडायचा.

२

हँगरच्या भिंतीवर प्रत्येक विमानाचा एक फळा होता. त्यावर हत्यारांच्या आकृत्या पांढऱ्या रंगाने काढलेल्या, आणि प्रत्येक आकृतीवर ते ते हत्यार टांगलेलं. काम संपलं की दहा पावलांवरूनही कळावं, काय जागेवर आहे आणि काय नाही. एक जागा जरी रिकामी दिसली, तरी हत्यार सापडेपर्यंत ते विमान जमिनीवर. मग सगळं उघडायचं, सगळं धुंडाळायचं.

एका सोमवारी चौदा नंबरच्या पान्याची जागा रिकामी दिसली.

त्या आठवड्यात दिवसाला तीन-तीन फेऱ्या चालल्या होत्या. सकाळी पोटाखालची कामं, दुपारी खुर्चीमागच्या तारा, मधेच टाकी. मिस्त्रीने खिसे चाचपले, पेटी उपडी केली, जमिनीवर आडवा होऊन पाहिलं. बाहेर सार्जंट ओरडत होता, "मिस्त्री, अकरा नंबर अजून माझ्या अंगणात काय करतंय?" पाना कुणाच्या तरी कपड्यात असणार, संध्याकाळी निघणार, त्यासाठी अख्खं विमान सोलायचं म्हणजे वेडेपणा, असं मिस्त्रीने स्वतःला समजावलं. आणि खोलीवर जाऊन ट्रंकेतला सासऱ्यांचा पाना आणला.

हा सासऱ्यांचा पाना चौदा नंबरचाच होता. लग्नात जावयाला काय द्यावं, तर या गृहस्थाने हत्यारांचा जोड दिला होता, आणि कुणी ढापू नये म्हणून सगळ्याला हिरवा रंग फासला होता. मिस्त्रीने एका बाजूचा रंग पत्र्याने खरवडून काढला, ती बाजू पुढे केली आणि पाना रिकाम्या जागी अडकवला. सार्जंट दारातून डोकावला, फळ्यावर नजर फिरवली, म्हणाला, "सोड." विमान गेलं.

हरवलेला पाना संध्याकाळी निघाला नाही. दुसऱ्या दिवशी डावीकडे ओळ होती: 'खुर्चीमागे खडखड. कृपया पाहावे.'

मिस्त्रीने एंजिन जमिनीवर चालवून पाहिलं. कानठळ्या बसवणाऱ्या त्या आवाजात काय खडखड ऐकू येणार? त्याने लिहिलं, 'जमिनीवर चालवले. खडखड आढळली नाही.' सही.

तिसऱ्या दिवशी: 'वळताना खडखड वाढते. खुर्चीमागचे झाकण उघडून पाहावे, ही विनंती.'

ते झाकण उघडायचं म्हणजे आधी खुर्ची काढा, खुर्चीसाठी पट्टे काढा, पट्ट्यांसाठी चौदा बोल्ट. चार तास. मिस्त्री पहाटेपासून उभा होता, आणि दुसऱ्या फेरीला दीड तास उरला होता. पान्याचा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि त्याने तो झटकला. खडखडायला विमानात शंभर गोष्टी असतात, आणि या माणसाला तर घड्याळाची टिकटिकही खुपते. त्याने लिहिलं, 'तपासले. दोष नाही.' सही.

चौथ्या दिवशी सकाळी चार विमानं गेली आणि तीन आली.

मिस्त्री चाकांखाली लावायचे लाकडी ठोकळे हातात घेऊन अकराच्या जागेवर जेवणाची वेळ टळेपर्यंत उभा राहिला. परतलेल्यांपैकी एकाने सांगितलं, "वळण घेतलं आणि वळतच राहिला रे, पार समुद्रात जाईपर्यंत. कुणी गोळी झाडली नाही, काही नाही. आकाश रिकामं होतं." मिस्त्रीने ते ऐकून घेतलं. मग संध्याकाळपर्यंत तो स्वतःला सांगत राहिला, की लांबून मारलेली गोळी कुणाला दिसते? युद्धात माणसं गोळीनेच मरतात. पान्याने मरत नाहीत.

३

तीन आठवड्यांनी नवं विमान आलं. त्याच्या अंगावर अकराचाच आकडा रंगवला, त्याच जागेवर उभं केलं, आणि भिंतीवरचा फळाही तोच. मिस्त्री नवी तक्रारवही मागायला गेला, तर भांडारातला कारकून म्हणाला, "जुनीत पानं शिल्लक आहेत ना? मग?" त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. शेवटच्या 'तपासले. दोष नाही'च्या खाली एक रेघ मारून नव्या विमानाच्या नोंदी सुरू झाल्या.

नवा वैमानिक म्हणजे सगळं सुख. शीळ वाजवत यायचा, शीळ वाजवत जायचा, आणि डावीकडे 'ठीक' एवढंच लिहायचा. घरी पहिलं मूल होणार होतं. तो मिस्त्रीला रोज नवं नाव सुचवून कसं वाटतं ते विचारायचा. मिस्त्री म्हणायचा, "छान आहे, साहेब." बऱ्याच दिवसांत त्याचं डोकं कुणी खाल्लं नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी तो सही करायला बसला. डावीकडे 'ठीक' होतं. त्याच्या खाली, मागे रेललेल्या अक्षरांत, लिहिलं होतं: 'खुर्चीमागे खडखड. कृपया पाहावे.'

मिस्त्रीचं डोकं सणकलं. तो वही घेऊन थेट वायरमनकडे गेला. हा वायरमन त्याचा जोडीदार, एकाच विमानावर काम करणारा, एकाच खोलीत राहणारा, आणि लोकांची अक्षरं, चाली, खोकले हुबेहूब काढण्यात पटाईत.

"मेलेल्या माणसाची नक्कल करतोस? लाज वाटत नाही?"

वायरमनने ओळ वाचली. त्याचा चेहरा उतरला. "अरे, मी नक्कल करतो ती हसायला करतो. यात हसण्यासारखं काय आहे? आणि मी डाव्या हाताने लिहू शकतो का, सांग."

"मग कोणी लिहिलं?"

"मला काय माहीत? तू वही कुठेही टाकतोस."

तेही खरं होतं. मिस्त्री परत आला, ओळीकडे रागाने बघत बसला, आणि सवयीने लिहून टाकलं, 'तपासले. दोष नाही.' सही केल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय लिहिलं. पण शाईने लिहिलेलं खोडायला सार्जंटची परवानगी लागते, आणि सार्जंटला सांगायचं काय?

त्या दिवसापासून वही लोखंडी कपाटात गेली आणि किल्ली मिस्त्रीच्या गळ्यात. नव्या वैमानिकाने लिहायचं, मिस्त्रीने समोर उभं राहायचं, शाई वाळली की वही कपाटात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कपाट उघडलं. 'वळताना वाढते,' असं लिहिलेलं होतं.

त्याच दुपारी बायकोचं पत्र आलं. 'अहो, नळाखाली आता बादली पुरत नाही. बाबांनी दिलेला हिरवा पाना तुम्ही नेलात का? घरात कुठेच मिळत नाही. तेवढा पाठवा, मी शेजारच्या भाऊजींकडून घट्ट करून घेईन.' मिस्त्रीने पत्राची घडी घातली आणि फळ्याकडे पाहिलं. पाना आपला शहाण्यासारखा आकृतीत बसला होता. जगात चौदा नंबरचे लाखो पाने असतील, पण सगळ्यांचं काम आत्ता मिस्त्रीपाशीच निघालं होतं.

४

"साहेब, एक विचारू? खुर्चीमागून काही आवाज येतो का?" मिस्त्रीने नव्याला विचारलं. नवा पंखावरून उतरत होता.

"आवाज? छे. मस्त विमान आहे तुमचं." त्याने टोपी काढून केस पुसले. मग जरा थांबला. "फक्त वळताना पाठीला काहीतरी लागतं. म्हणजे ठोकल्यासारखं नाही. आपण कुणाशी बोलत असतो, आणि मागे कुणी वस्तू घेऊन उभं असतं, ते कसं खांद्याला हळूच लावतं? घ्या म्हणून? तसं. एंजिनाची थरथर असेल, नाही का?"

"वहीत लिहिलं का नाहीत?"

"एवढ्याशा गोष्टीसाठी तुम्हाला कशाला त्रास, मिस्त्री? आधीच तुमच्या नाकी नऊ आलेत."

मिस्त्रीला घाम फुटला, आणि त्या घामाचाही त्याला राग आला. हे विमान कारखान्यातून आलं होतं. हरवलेला पाना त्याने या विमानाच्या जवळपासही कधी नेला नव्हता. तो जिथे कुठे होता, तिथे कुरकुऱ्याबरोबर होता. ही साधी बेरीज-वजाबाकी होती. तरी त्याने जेवण सोडलं, वायरमनला हाताशी घेतलं आणि भर दुपारी खुर्ची काढायला घेतली. चौदा बोल्ट, पट्टे, खुर्ची, आणि मग ते झाकण. आत टॉर्च मारला. तारांच्या जुड्या, दोन नळ्या, रंगाचा नवा वास. बाकी काही नाही. धुळीचा कणसुद्धा नाही.

"झालं समाधान?" वायरमन म्हणाला.

"झालं." मिस्त्रीला इतकं हलकं वाटलं की तो चक्क हसला. चार तासांनी सगळं पुन्हा बसवून त्याने वही उघडली. या वेळी तरी 'तपासले' हा शब्द खरा होता. त्याने पेन टेकवलं आणि डावीकडे नजर गेली.

'मिस्त्री, झाकण उघडलेत. हात घातला नाहीत.'

शाई ओली होती. त्याच्या अंगठ्याला लागली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता हुकूम आला: तळावरची सगळी विमानं साडेदहाला उडणार. एकही मागे राहणार नाही.

मिस्त्री रात्रभर डोळा न लागलेला, तसाच हँगरमध्ये आला. त्याच्यापुढे दोन रस्ते होते आणि दोन्ही वाईट. सही करायची, आणि साडेदहाला शीळ वाजवत निघणाऱ्या त्या बाप होऊ घातलेल्या माणसाला पाठवून द्यायचं. किंवा सही करायची नाही, आणि कारण विचारलं तर सांगायचं, एक मेलेला वैमानिक तक्रार करतो आहे. पहिल्या रस्त्यावर माणूस जात होता, दुसऱ्यावर मिस्त्रीची नोकरी, अब्रू आणि बहुतेक शुद्धीत असल्याचा दाखला. शिवाय दुसऱ्या रस्त्याच्या शेवटी कुणीतरी विचारणारच, की त्या मेलेल्या वैमानिकाची नेमकी तक्रार काय होती, आणि तुम्ही तिचं काय केलंत.

त्याने पेटीतला एक पाना उचलला आणि पट्ट्यांचे बोल्ट सोडायला लागला.

वायरमन धावत आला. "अरे, काय करतोस? दीड तास उरलाय!"

"टॉर्च धर."

"काल बघितलं ना आपण?"

"हात घातला नव्हता," मिस्त्री म्हणाला.

खुर्ची बाहेर यायला आणि सार्जंट आत यायला एकच गाठ पडली. काढलेली खुर्ची पंखावर पाहून त्याला आधी शब्दच सुचेनात. मग ते सगळे एकदम सुचले. मिस्त्रीने काही ऐकलं नाही. त्याने झाकण काढलं, कॉकपिटच्या तळाला उपडा झोपला आणि उजवा हात आत घातला.

आधी मनगट गेलं. तारा लागल्या, नळी लागली, पलीकडचा पत्रा लागायला हवा होता. लागला नाही. त्याने कोपरापर्यंत हात सारला. त्या पोकळीची खोली त्याला पाठ होती, वीत आणि चार बोटं. त्याने खांदा झाकणाच्या कडेला टेकवला, आणि पूर्ण हात आत असूनही बोटांना काही लागेना. आत थंड होतं, उंचावरून उतरलेल्या विमानाच्या अंगासारखं. बाहेर उन्हाने पत्रा तापला होता.

"काय शोधतोय हा?" सार्जंट खालून ओरडला.

"काही नाही," मिस्त्री म्हणाला. त्याला खरंच वाटलं, काही नाही. उगाच आपण एका माणसाचं विमान खोलून बसलो.

आणि त्याच्या तळव्यावर पान्याचा दांडा टेकला.

पडला नाही. कुणी देतं तसा टेकला, हळूच, दांडा त्याच्याकडे करून. मिस्त्रीची बोटं आपोआप मिटली. खाचेवरून त्याने ओळखलं, आपलाच; ही खाच दोन वर्षांपूर्वी त्याच्याच हातून पडली होती. त्याने ओढला. पाना आला नाही. पलीकडून तो कुणीतरी धरलेला होता. घट्ट, पण रागाने नव्हे. शांतपणे, वाट पाहत. मिस्त्रीच्या बोटाच्या पेराला कातड्याच्या हातमोज्याची शिवण लागली.

टॉर्चचा झोत त्याच्या खांद्यावरून आत गेला, क्षणभर थरथरला, आणि विझला. वायरमनने तो स्वतःच विझवला होता. त्याला काय दिसलं हे त्याने पुढे कधी सांगितलं नाही, आणि मिस्त्रीनेही कधी विचारलं नाही.

मिस्त्रीने पुन्हा ओढला. येईना. काय हवं आहे ते त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि तो एक शब्द उच्चारला की काय होईल हेही. खाली सार्जंट होता, त्याच्यामागे हेल्मेट बगलेत धरून नवा उभा होता, आणि हँगरमध्ये एकाएकी इतकी शांतता झाली होती की पुटपुटलेलंही सगळ्यांना ऐकू गेलं असतं. त्याला वाटलं, हात सोडून द्यावा. काही नाही म्हणावं, झाकण लावावं, सही करावी. आजवर तेच तर केलं होतं.

"साहेब," तो पोकळीत तोंड घालून हळूच म्हणाला, "चुकलो."

पकड ढिली झाली नाही. रीत म्हणजे रीत.

मिस्त्रीने डोळे मिटले. "घेतला," तो मोठ्याने म्हणाला. "घेतला, बाबा, घेतला."

पलीकडचा हात सुटला.

"काय घेतला?" सार्जंट शिडीवरून वर चढला होता. मिस्त्री मागे सरकत बाहेर आला आणि त्याने हात पुढे केला. पान्यावरून पाणी ठिबकत होतं, आणि दांड्यावर अकरा नंबरच्या विमानाचा ठसा होता. सार्जंटने पान्याकडे पाहिलं, मग मान वळवून भिंतीवरच्या फळ्याकडे पाहिलं. एकेका आकृतीवर बोट धरल्यासारखी नजर फिरवली. चौदाची जागा भरलेली होती.

सार्जंटचा सगळा आरडाओरडा कुठल्या कुठे गेला. तो शिडी उतरला, फळ्यापाशी गेला, चौदा नंबरचा पाना खिळ्यावरून काढला आणि उलटा केला. हिरवा रंग अजून छान चकाकत होता.

"मग हा कुणाचा?" त्याने विचारलं.

नवा शीळ वाजवायची विसरून कधी एकाकडे, कधी दुसऱ्याकडे बघत होता. त्याला काहीच कळलं नव्हतं. फक्त आज आपलं विमान उडत नाही, एवढं कळलं होतं.

"माझ्या सासऱ्यांचा," मिस्त्री म्हणाला. मग गळ्यातली किल्ली काढून त्याने वायरमनच्या हातात दिली. "वही आण. उजवीकडे लिहायचं राहिलंय."